ठाणे खाडीतल्या माशांमधला पारा मोजायचा आहे? आधी अन्नजाळ, मग बाटली

ठाणे आणि नवी मुंबईतल्या महाविद्यालयांत दर वर्षी खाडीच्या प्रदूषणावर प्रकल्प होतात. मुलं चिखलात उतरतात, पदरचे पैसे घालून तपासण्या करून घेतात आणि शेवटी हाती येतो तो आकडा कशाशीच ताडून पाहता येत नाही. दोष बहुतेक वेळा प्रयोगशाळेचा नसतो. नमुना तिथे पोचायच्या आधीच काम बिघडलेलं असतं.

दोन चुका सर्रास दिसतात. पहिली म्हणजे वाशी पुलाजवळ बाटलीभर पाणी घ्यायचं, अहवालात ‘पारा आढळला नाही’ असं आलं की खाडी स्वच्छ ठरवायची. पाण्यात पारा इतका विरळ असतो की साध्या पद्धतीला तो दिसतच नाही. पण मिथाइल पारा या त्याच्या सेंद्रिय रूपाचं प्रमाण शिकारी माशाच्या मांसात पाण्यातल्यापेक्षा दहा लाख पट किंवा त्याहूनही जास्त असू शकतं. दुसरी चूक म्हणजे बाजारातून पापलेट आणून त्यावरून ठाणे खाडीबद्दल बोलायचं. ते पापलेट खुल्या समुद्रातलं, कुठल्या बंदरात उतरलं हे विकणारीलाही ठाऊक नसतं.

दूषित पदार्थ खाडीत एकटे फिरत नाहीत. चिखलातून शेवाळात, शेवाळातून बोईटात, तिथून मोठ्या माशात आणि पुढे आपल्या ताटात, असा त्यांचा प्रवास खाणाऱ्याच्या मागोमाग होतो. म्हणून नमुने घेण्याचा क्रमही त्याच वाटेने ठरवायला हवा.

टप्पा १ : कोणता पदार्थ, ते आधी ठरवा

‘जड धातू बघू’ हा प्रश्न नव्हे. प्रत्येक पदार्थ शरीरात वेगळ्या जागी साठतो, त्याला वेगळं भांडं लागतं आणि अन्नजाळात तो वेगळा वागतो.

पारा घ्या. खाडीच्या तळाशी, जिथे प्राणवायू नसतो, तिथले सल्फेटवर जगणारे जिवाणू साध्या पाऱ्याचं मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात. हा मिथाइल पारा प्रथिनांतल्या गंधकाला चिकटतो, म्हणून तो मांसात साठतो. चरबीत नाही. ‘चरबी काढून टाकली की पारा गेला’ हा समज म्हणूनच चुकीचा आहे. अन्नजाळाच्या प्रत्येक पायरीवर त्याचं प्रमाण वाढत जातं.

डीडीटी आणि पीसीबी ही क्लोरीनयुक्त द्रव्यंही पायरीगणिक वाढतात, पण ती चरबीत राहतात. त्यांचे आकडे चरबीचं प्रमाण मोजल्याशिवाय ताडता येत नाहीत.

कॅडमियम यकृतात, मूत्रपिंडात आणि चिंबोरीच्या पाचकग्रंथीत साठतं. शिसं हाडांत, कल्ल्यांत, कवचात. हे दोन्ही धातू तिसऱ्या (शिंपल्या) आणि कालवांमध्ये भरपूर सापडू शकतात, पण वरच्या पायऱ्यांवर सहसा वाढत नाहीत, उलट कमी होतात. मोठ्या माशाच्या मांसात शिसं मिळालं नाही म्हणजे खाडीत शिसं नाही, असा अर्थ निघत नाही. तुम्ही चुकीच्या जागी शोधलंत, एवढंच त्यातून कळतं.

आर्सेनिकच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. समुद्री जिवांत ते बहुतांशी आर्सेनोबिटेन या तुलनेने निरुपद्रवी सेंद्रिय रूपात असतं. एकूण आर्सेनिकचा आकडा छापून घबराट पसरवू नका. असेंद्रिय आर्सेनिक वेगळं मोजून घ्या, नाहीतर तो विषयच सोडा.

पहिल्यांदाच काम करणाऱ्यांनी एकच पदार्थ घ्यावा, आणि माझ्या मते तो पारा असावा. तो मांसात असल्यामुळे कापणं सोपं जातं, चाचणी बऱ्याच ठिकाणी होते आणि अन्नजाळाशी त्याचं नातं स्पष्ट दिसतं. पुढचे टप्पे मुख्यतः पारा डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहेत.

*तपासा:* तुमचा प्रश्न एका वाक्यात लिहिता येतो का? ‘ऐरोली आणि दिवाळे इथल्या सारख्या लांबीच्या ढोमा माशांमध्ये पाऱ्याचं प्रमाण वेगळं आहे का?’ हा प्रश्न चालेल. ‘खाडीच्या प्रदूषणाचा अभ्यास’ चालणार नाही.

टप्पा २ : कोण कोणाला खातं, ते कागदावर मांडा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि नंतर सगळ्यात जास्त नडतो तोही हाच.

ठाणे खाडीत अन्नाचे तीन मूळ स्रोत धरा : चिखलाच्या पृष्ठभागावरचे डायटम आणि इतर सूक्ष्म शेवाळ, पाण्यातले वनस्पतीप्लवक, आणि तिवरांची कुजलेली पानं. त्यात वस्त्यांच्या सांडपाण्यातून येणारा सेंद्रिय गाळ मिसळतो. या मूळ स्रोतांना पहिली पायरी म्हणू.

दुसऱ्या पायरीवर पाणी गाळून खाणाऱ्या तिसऱ्या आणि कालवं, चिखल चाटणारे बोईट आणि गोगलगायी. त्याच्या वर कोळंबी आणि जवळा, जे थोडं वनस्पतीजन्य, थोडं प्राणिजन्य खातात. पुढे चिंबोरी, शिंगाळा, ढोमा. सगळ्यांत वर मोठा जिताडा, आणि मासे खाणारे पक्षी : पाणकावळा, बगळे, हिवाळ्यात येणारा कैकर.

आता खाचाखोचा.

निवटी हे एकच नाव आपण दोन वेगळ्या प्रकारच्या माशांना देतो. मोठी, निळसर ठिपक्यांची बोलिऑफ्थाल्मस निवटी डोकं दोन्ही बाजूंना हलवत चिखलावरचे डायटम खरवडून खाते, म्हणजे ती दुसऱ्या पायरीवर. लहान चणीची, टुणटुण उड्या मारणारी पेरिऑफ्थाल्मस किडे आणि लहान खेकडे खाते, म्हणजे एक पायरी वर. दोन्ही एकाच पिशवीत गेल्या की तुमच्या सरासरीला काही अर्थ उरत नाही. जात ओळखता येत नसेल तर प्रत्येक माशाचा फोटो मोजपट्टीसह काढा आणि प्राणिशास्त्राच्या शिक्षकांकडून खात्री करून घ्या.

जिताड्याचंही असंच. लहानपणी तो कोळंबी आणि किडे खातो, मोठा झाला की मासे. शिवाय तो आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. ‘माद्यांमध्ये पारा जास्त’ असं तुमच्या तक्त्यात दिसलं तर ते बहुधा लिंगामुळे नसून वयामुळे आणि आकारामुळे असतं.

रोहित पक्ष्यांबद्दल सगळ्यांनाच कुतूहल असतं. लहान रोहित मुख्यतः सूक्ष्म शेवाळ खातो, मोठा रोहित चिखलातले लहान जीव. पण गळालेलं पीस उचलून त्यातला पारा ठाणे खाडीचा म्हणू नका. पिसात साठतो तो पीस वाढत असतानाच्या आहारातला पारा, आणि हे पक्षी कच्छच्या रणासारख्या ठिकाणांहून येतात. शिवाय परवानगीशिवाय पीस गोळा करणंही योग्य नाही.

बंधाऱ्याआतल्या तळ्यांतली तिलापिया या अन्नजाळात घेऊ नका. तिचं पाणी वेगळं, अन्नही वेगळं.

*तपासा:* तुमच्या यादीत किमान तीन पायऱ्या आहेत का? चिखलावर जगणारा आणि पाणी गाळून खाणारा असे दोन्ही प्रकारचे खालचे जीव आहेत का? नसतील तर अन्नजाळाबद्दल काही बोलता येणार नाही.

टप्पा ३ : परवानगी आणि कोळीवाडा

ऐरोली आणि वाशीच्या पुलांदरम्यानचा पश्चिमेकडचा भाग २०१५ पासून ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. अभयारण्यातून जीव, चिखल किंवा पिसं घ्यायची तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. अर्ज वन विभागाच्या कांदळवन कक्षामार्फत करा. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात चौकशी केली की हद्द कुठे सुरू होते ते कळतं. उत्तर यायला वेळ लागतो, त्यामुळे हे काम नमुन्यांच्या आधी काही महिने सुरू करा. पदवीच्या प्रकल्पाने शक्यतो अभयारण्याबाहेरच नमुने घ्यावेत.

परवानगीइतकंच महत्त्वाचं म्हणजे चेंदणी, विटावा, घणसोली, वाशी गाव, सारसोळे, दिवाळे इथल्या मासेमारी करणाऱ्यांशी आधी बोलणं. कोणता मासा कुठल्या पाण्यात, कुठल्या भरतीला लागतो हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. पाग (फेकायचं जाळं) टाकताना सोबत राहिलात तर मासा कुठून आला याची खात्री राहते. पण तुम्ही जे मोजता आहात त्याचा परिणाम त्यांच्या धंद्यावर होऊ शकतो. काय करणार, निकाल कुणाला सांगणार, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा. माशांचे पैसे बाजारभावाने द्या.

टप्पा ४ : जागा आणि तिथी

खाडीचं ठाण्याकडचं टोक अरुंद आणि उथळ आहे. दक्षिणेला ती रुंदावत मुंबई बंदराच्या पाण्याला मिळते. वर सांडपाण्याचा प्रभाव जास्त, खाली समुद्राचा. पूर्वेच्या काठाला ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा आहे. म्हणून किमान तीन जागा घ्या : एक विटावा-कोपरीकडची, एक ऐरोली ते वाशीच्या दरम्यानची, एक दिवाळे-बेलापूरकडची. नाल्याच्या थेट तोंडाशी घेतलेला नमुना त्या नाल्याबद्दल सांगतो, खाडीबद्दल नाही.

ऋतूही ठरवा. पावसाळ्यात खारेपणा झपाट्याने उतरतो, मासे जागा बदलतात, शहर धुऊन आलेला गाळ खाडीत येतो. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा दोन फेऱ्या घ्या. एका फेरीतले सगळ्या जागांचे नमुने एकाच पंधरवड्यात उरका.

तिथी बघायला विसरू नका. आपल्याकडचा जुना ठोकताळा असा : तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की त्या दिवशीच्या पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. त्यानंतर किंवा आधी साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, म्हणजे सकाळी पावणेनऊच्या आसपास. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, पण तेव्हाची ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास येते, म्हणजे अंधाराच्या तोंडाशी. अष्टमीला ओहोटी दुपारी बाराला येते, पण तेव्हा भांग, म्हणजे सगळ्यांत कमी चढ-उताराची भरती-ओहोटी असल्यामुळे चिखल फारसा उघडा पडत नाही. म्हणून द्वितीया ते चतुर्थी हे दिवस उत्तम. उजेडही मिळतो आणि पाणीही पुरेसं उतरतं. मात्र छापील भरती-ओहोटी तक्ता मुंबई बंदराचा असतो. ठाण्याकडे पाणी उशिरा चढतं आणि उशिरा उतरतं, ते स्थानिकांना विचारून घ्या.

*सावधान:* खाडीचा चिखल कमरेपर्यंत गिळतो. एकट्याने उतरू नका, स्थानिक माणूस बरोबर ठेवा, आणि पाणी फिरायच्या आधी अर्धा तास काठावर या. कालवांच्या कडा खोल कापतात. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असू द्या.

टप्पा ५ : भांडी

धातूंसाठी पॉलिथिनची भांडी दहा टक्के नायट्रिक आम्लात चोवीस तास बुडवून आयनविरहित पाण्याने किमान तीनदा धुवा. आम्ल पाण्यात ओता, पाणी आम्लात कधीही नाही. पाण्यातल्या पाऱ्यासाठी मात्र पॉलिथिन चालत नाही, पारा त्यातून निसटतो. तिथे काच किंवा टेफ्लॉन हवं. डीडीटी-पीसीबीसाठी नेमकं उलट : प्लास्टिक वर्ज्य, काचेच्या बरण्या किंवा अ‍ॅल्युमिनियम फॉइल. धातू मोजायचे असतील तर फॉइलचा स्पर्शही नको. पाऱ्यासाठी स्टीलची सुरी चालते, पण क्रोमियम-निकेल मोजायचं असेल तर सिरॅमिकची घ्या.

टप्पा ६ : खाडीवर, याच क्रमाने

स्वच्छ वाटणाऱ्या जागेपासून सुरुवात करा आणि सगळ्यांत घाण जागेवर शेवटी जा. एकाच जागेवर आधी पाणी, मग चिखल, मग जीव. उलटं केलंत तर तुम्हीच ढवळलेला गाळ बाटलीत येतो.

पाणी : होडीच्या पुढच्या टोकाला, प्रवाहाच्या वरच्या बाजूला हात घालून भरा. खारेपणा, तापमान, पीएच आणि विरघळलेला प्राणवायू जागेवरच नोंदवा. विरघळलेले धातू हवे असतील तर ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून मगच आम्ल घाला. आधी आम्ल घातलं की गाळावरचे धातूही विरघळतात आणि आकडा फुगतो. प्रत्येक फेरीत एक ‘कोरी बाटली’ घ्या. ती शुद्ध पाण्याने भरून न्यायची, खाडीवर उघडायची, बंद करायची, परत आणायची. तिच्यात धातू सापडला तर तो खाडीतला नाही, तुमच्या हातचा आहे.

चिखल : फक्त वरचे दोन सेंटिमीटर, प्लास्टिकच्या चमच्याने, पाच जागांवरून घेऊन एकत्र करा. वरचा तपकिरी थर संपून काळा, गंधकाच्या वासाचा थर लागला की तुम्ही खोल गेलात. धातू बारीक कणांना चिकटतात, म्हणून पुढे ६३ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेला भागच तपासा. नाहीतर एका जागी वाळू जास्त आणि दुसऱ्या जागी गाळ जास्त, एवढाच फरक तुम्ही ‘प्रदूषण’ म्हणून छापाल.

जीव : प्रत्येक जातीचे, प्रत्येक जागेवरून, एकमेकांच्या जवळच्या लांबीचे किमान दहा. माशातला पारा लांबीबरोबर आणि वयाबरोबर वाढतो. दिवाळ्याचा हातभर ढोमा आणि ऐरोलीचा वीतभर ढोमा यांची तुलना म्हणजे दोन वयांची तुलना, दोन जागांची नव्हे. लहान जिवांचे पाच-दहा एकत्र करून एक नमुना करता येतो, पण त्यातल्या सर्वांत लहानाची लांबी सर्वांत मोठ्याच्या पंचाहत्तर टक्क्यांपेक्षा कमी नको.

तिसऱ्या आणि गोगलगायींच्या पोटात चिखल असतो. त्यांच्या शरीरात मुरलेला धातू मोजायचा असेल तर त्याच खारेपणाच्या गाळलेल्या पाण्यात चोवीस ते अठ्ठेचाळीस तास ठेवून पोट रिकामं होऊ द्या. पण खाणाऱ्याच्या पोटात किती जातं हे मोजायचं असेल तर घरी जशा धुतात तशाच धुऊन सगळं मांस घ्या. दोन्ही पद्धती बरोबर आहेत, त्या एकाच तक्त्यात मिसळणं चूक आहे.

प्रत्येक नमुना दोन पिशव्यांत. पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी दोन पिशव्यांच्या मध्ये, मांसाला लागणार नाही अशी. बर्फाचं पाणी आत शिरायला नको. फॉर्मालिन किंवा अल्कोहोलमध्ये काहीही ठेवू नका, पुढच्या तपासणीसाठी तो नमुना बाद होतो.

*तपासा:* काठ सोडण्यापूर्वी वहीत जागा, जीपीएस, तारीख, तिथी, वेळ, पाणी चढतं होतं की उतरतं, कोणत्या जाळ्याने पकडलं, हे सगळं आहे का? संध्याकाळी आठवून लिहिलेलं धरू नका.

टप्पा ७ : मोजणं आणि चिरणं

गोठवण्यापूर्वी लांबी आणि वजन घ्या, गोठलेला मासा आकसतो. चिरताना दर वेळी तीच जागा घ्या : डाव्या बाजूला, पाठीचं मांस, कातडी काढून. पोटाच्या मांसात चरबी वेगळ्या प्रमाणात असते आणि आतड्याचा स्पर्श होण्याचा धोका असतो. सुरी आणि पाट दोन माशांच्या मध्ये धुवा.

चिंबोरीचं पांढरं मांस आणि आतली पाचकग्रंथी वेगवेगळी ठेवा. कॅडमियमच्या बाबतीत या दोहोंत मोठा फरक पडू शकतो. आपल्याकडे चिंबोरीचा आतला भागही रश्शात जातो, म्हणून तो टाकू नका, स्वतंत्र मोजा.

प्रत्येक मांसाचे तीन भाग करा. एक पाऱ्यासाठी, एक समस्थानिकांसाठी (एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या वजनाचे अणू, ते टप्पा ९ मध्ये लागतात), एक राखीव. पाऱ्याचा भाग गोठवून सुकवा, ती सोय नसेल तर चाळीस अंशांच्या आत. जास्त तापवलं की पारा उडून जातो. ओल्या आणि सुक्या वजनातला फरक, म्हणजे ओलावा, प्रत्येक नमुन्यासाठी लिहा. या एका आकड्यावाचून शेवटचा टप्पा अडतो.

टप्पा ८ : प्रयोगशाळेला पैसे देण्याआधी

एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता आहे एवढ्यावर थांबू नका, मान्यतेची व्याप्ती पाहा. पाण्यातल्या पाऱ्यासाठी मान्यता असलेली प्रयोगशाळा माशाच्या मांसासाठी मान्यताप्राप्त असेलच असं नाही. मग विचारा : मोजता येणारं किमान प्रमाण किती? आकडा ओल्या वजनावर देणार की सुक्या? प्रत्येक तुकडीत कोरा नमुना आणि दुबार नमुना चालवता का? प्रमाणित संदर्भ पदार्थ, म्हणजे ज्यातलं प्रमाण आधीच ठाऊक आहे असा पडताळणीचा नमुना, कोणता? माशांसाठी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलची डॉर्म मालिका आणि कवचधारी जिवांच्या पाचकग्रंथीसाठी टॉर्ट मालिका वापरतात. त्यांचे निकालही अहवालात मागा. उत्तर टाळलं गेलं तर दुसरीकडे जा.

खाडीचं पाणी देताना ते खारं आहे हे ठळक लिहा. आयसीपी-एमएस या धातू मोजणाऱ्या यंत्रात क्लोराइड आणि आर्गॉन जुळून पंचाहत्तर वस्तुमानाचा कण बनतो, आणि तो नेमका आर्सेनिकसारखा दिसतो. खाऱ्या पाण्यात ‘आर्सेनिक’ सापडल्याच्या काही बातम्यांमागे एवढंच असू शकतं.

टप्पा ९ : पायरी मोजणं

टप्पा २ मधलं जाळं हा अंदाज होता. तो तपासायला नायट्रोजनचे स्थिर समस्थानिक वापरतात. खाणाऱ्याच्या शरीरात नायट्रोजन-१५ चं मूल्य खाल्लेल्यापेक्षा सरासरी ३.४ प्रतिहजारने जास्त असतं. सूत्र असं : माशाच्या मूल्यातून तळच्या जिवाचं मूल्य वजा करा, ३.४ ने भागा, त्यात २ मिळवा. तळचा जीव म्हणून तिसरी घेतली, कारण ती दुसऱ्या पायरीवर आहे. हिशेब समजावा म्हणून कल्पित आकडे घेऊ : तिसरी ९.०, ढोमा १४.१. फरक ५.१, भागिले ३.४ म्हणजे १.५, अधिक २ म्हणजे ३.५.

आता ठाणे खाडीत हमखास होणारी चूक. सांडपाण्यामुळे नायट्रोजन-१५ चं मूल्य मुळातच वाढतं. ठाण्याकडच्या टोकाची तिसरी आणि दिवाळ्याची तिसरी सारखं अन्न खात असूनही त्यांचे आकडे वेगळे येऊ शकतात. तुम्ही दिवाळ्याची तिसरी तळाला धरून विटाव्याच्या ढोम्याची पायरी काढली, तर सांडपाण्याचा सगळा फरक ढोम्याच्या खात्यात जाईल आणि तो उगाचच मोठा शिकारी दिसेल. तळचा जीव प्रत्येक जागेवरचा, प्रत्येक फेरीतला, स्वतंत्र हवा. यात तडजोड नको. ज्या जागी तिसऱ्या मिळत नाहीत तिथे कालवं घ्या, पण मग सगळ्याच जागांवर कालवं घ्या.

कार्बन-१३ वरून अन्न चिखलातल्या शेवाळाकडून आलं की पाण्यातल्या प्लवकांकडून, याचा अंदाज येतो. चरबीमुळे हा आकडा खाली ओढला जातो, म्हणून कार्बन-नायट्रोजन गुणोत्तर ३.५ च्या वर असेल तर दुरुस्ती करा. चिखलाच्या नमुन्यातला चुना आम्लाने काढावा लागतो, पण नायट्रोजन मात्र आम्ल न लावलेल्या भागावर मोजा.

मग आलेख : आडव्या अक्षावर पायरी, उभ्या अक्षावर पाऱ्याचा दहा पायाचा लॉगरिदम. रेषेचा चढ हा दहाचा घात धरून जो आकडा येतो तो १ पेक्षा जास्त असेल तर पारा पायरीगणिक वाढतो आहे. आलेखाच्या दोन्ही टोकांना पुरेसे नमुने नसतील, सगळे मधल्या पायऱ्यांवरच असतील, तर ही रेषा काढू नका.

टप्पा १० : आकडा वाचणं

‘आढळला नाही’ म्हणजे शून्य नव्हे. त्याचा अर्थ एवढाच की प्रमाण मोजता येणाऱ्या किमान पातळीच्या खाली आहे. ती पातळी लिहा आणि असे किती नमुने होते तेही.

अन्नसुरक्षेच्या मर्यादा ओल्या वजनावर असतात. सर्वसाधारण माशांसाठी पाऱ्याची मर्यादा किलोला ०.५ मिलिग्रॅम आहे. समजा प्रयोगशाळेने सुक्या वजनावर १.२ दिलं आणि ओलावा ७८ टक्के होता. मग ओल्या वजनावर १.२ गुणिले ०.२२, म्हणजे ०.२६. मर्यादेच्या जवळपास निम्मं. हे गणित न करता ‘मर्यादेच्या दुप्पट पारा’ असा मथळा छापून आला तर कोळणीच्या टोपलीकडे गिऱ्हाईक फिरकत नाही.

याची दुसरी बाजूही तितकीच गंभीर आहे. मर्यादेखालचा मासा रोज खाणाऱ्याला निर्धोक असतोच असं नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने मिथाइल पाऱ्याची आठवड्याची सह्य मात्रा शरीराच्या दर किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम ठरवली आहे. साठ किलोच्या माणसाला ९६ मायक्रोग्रॅम. माशात ग्रॅमला ०.२ मायक्रोग्रॅम पारा असेल, म्हणजे मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी, तरी आठवड्याला ४८० ग्रॅम खाल्ल्यावर ही मात्रा भरते. खाडीकाठच्या घरात रोज दीडशे ग्रॅम मासे खाल्ले तर आठवड्याला १०५० ग्रॅम होतात आणि पारा २१० मायक्रोग्रॅम. गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी हा हिशेब सर्वांत महत्त्वाचा, कारण मिथाइल पारा गर्भाच्या मेंदूपर्यंत पोचतो. म्हणून घरोघरी कोणता मासा, आठवड्यातून किती वेळा, किती खाल्ला जातो ही विचारपूस नमुन्यांइतकीच काळजीने करा. ती नसेल तर धोक्याबद्दल एक शब्दही लिहू नका.

शिकारी माशाच्या मांसातला बहुतेक सगळा पारा मिथाइल रूपात असतो, त्यामुळे तिथे एकूण पारा मोजून हा हिशेब चालतो. तिसऱ्या-कालवांत मिथाइलचा वाटा बराच कमी असतो. तिथे मिथाइल पारा वेगळा मोजल्याशिवाय हे गणित लावू नका.

टप्पा ११ : निकाल कुणाला, कसे

आधी ज्यांच्या जाळ्यातले मासे घेतले त्यांना. मराठीत, एका पानावर : कोणता मासा, किती लांबीपर्यंत, कोणत्या जागेचा, किती पारा. फक्त ‘खाडीतले मासे’ असं कधीही लिहू नका. बोईट आणि बोलिऑफ्थाल्मस निवटी खालच्या पायरीवरच्या आहेत. त्यांचे आकडे कमी आले तर तेही तितक्याच ठळकपणे सांगा, कारण घरात काय शिजवायचं हे त्या माहितीवर ठरणार आहे. एखादा आकडा अनपेक्षितपणे मोठा आला तर राखीव भाग दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवून खात्री करा, आणि दोन्ही निकाल जुळल्यावरच बाहेर बोला. राखीव नमुने उणे वीस अंशांवर, चिठ्ठ्यांसकट, पुढच्या तुकडीसाठी जपून ठेवा. त्यांच्या यादीची एक प्रत विभागाच्या कपाटात आणि एक मार्गदर्शक शिक्षकांकडे असू द्या.